गाडी उंच करताना

वस्ताद, तुम्ही माझ्यासाठी बुटकी केलेली मोटरसायकल मी आता परत उंच करायला घेतली आहे. ही गोष्ट तुम्हाला दुसरीकडून कळायची शक्यता नाही, तरी आपण होऊन सांगावी असं वाटलं. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. गॅरेजच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आहे. समोरचं कडुलिंबाचं झाड तेवढं जागेवर आहे आणि पाना फिरवून फिरवून तुमचा खांदा उतरला होता तसं तेही एका अंगानं उतरलं आहे. पूल ओलांडून शहरात शिरताना तिथं आलं की माझा पाय कालपरवापर्यंत आपोआप ब्रेकवर जायचा. आता मी गाडी चालवत नाही. यंदा माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि दुधाचा रतीब सुनेकडे गेला. म्हणजे जायला निघाला, पुरता काही गेला नाही, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

सून उंच आहे. आमच्या घरात आजवर कुणाला दाराच्या चौकटीचं भय नव्हतं, हिनं मात्र लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तीनदा कपाळ बडवून घेतलं. स्वभाव मोकळा, आवाज माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळे आमचं चांगलं जमतं. पण पाच फुटांच्या आतल्या बाईच्या मापाने केलेल्या गाडीवर ती बसली की गुडघे हँडलला लागतात आणि कोपरं पोटाशी येतात. मोठ्या माणसानं हौसेनं पोराची तीनचाकी काढावी तसं दिसतं. आठ दिवस तिनं सोसलं. नवव्या दिवशी अंगणात गाडी लावली, दोन्ही गुडघ्यांना खोबरेल चोळत बसली आणि म्हणाली, “आत्या, एक तर गाडी माझ्या मापाची करा, न्हायतर रतीब बंद करा. असंच चाललं तर तुमच्या मागनं माझं बी गुडघं जायचं.”

रतीब बंद करणं अवघड नाही. दूध गावातल्या संकलन केंद्रावर घालायचं, निम्मं गाव तेच करतं. पण शहरातली ती चाळीस घरं मी अठ्ठावीस वर्षं सांभाळली आहेत. ज्यांच्या बाळंतपणात मी जादा दूध पोचवलं, त्या पोरींच्या पोरी आता भांडं घेऊन दारात येतात. पाऊस असो, पंचगंगेला पाणी असो, लांबच्या वाटेनं वळसा घालून का होईना, दूध पोचलं आहे. हे सगळं कुणाच्या गुडघ्यापायी सुटावं हे मला काही केल्या पटेना. तेव्हा गाडी बदलायची हे ठरलं. कशाच्या आधी काय करायचं एवढाच प्रश्न राहिला, आणि तो प्रश्न निघाला की मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवत नाही.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले ती गाडी ढकलत आले होते. आमच्या म्हशीनं मालकांना, म्हणजे आमच्या घरच्यांना, अशी लाथ घातली होती की तीन महिने पाय प्लॅस्टरमध्ये. म्हशी दूध द्यायच्या थांबणार नव्हत्या आणि शेजारी किती दिवस रतीब घालणार? तुम्ही इंजिनात डोकं घालून बसला होता. पायाची चाहूल लागली तसं वर न बघताच म्हणालात, “या पावणं.” मग वर बघितलंत, बाई दिसली, घाईघाईनं हात पुसलेत. “काय वैनी, मालक कुठायत?” माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही, पण शेवटपर्यंत वैनीच म्हणालात. मी सांगितलं, मालक पलंगावर आहेत आणि गाडी मी चालवणार. “येतीया काय?” मी म्हटलं, सायकल येती. “मग तोल हाय. निम्मं काम झालं की!” असं म्हणून तुम्ही मला गाडीवर बसवलंत. माझ्या पायांची नुसती बोटं जमिनीला टेकत होती. तुम्ही उकिडवे बसून दोन्ही बाजूंनी बघितलंत, खिशातला खडू काढलात आणि पेट्रोलच्या टाकीवर लिहायला लागलात. कामाची यादी तुम्ही कागदावर कधी केली नाही. टाकीवर खडूने लिहायची आणि काम झालं की ती ओळ अंगठ्याने पुसायची, ही तुमची रीत.

मी आपली सुचवायला लागले. आधी कॅन अडकवायचे हूक करा, दूध न्यायचं आहे. आणि जमलं तर हँडलला लाल गोंडे लावा. त्यावर तुम्ही असं खेकसलात की शेजारचा पानवाला बाहेर येऊन बघून गेला. “गोंडं बैलाला लावा! आधी थांबाय यायला पायजे वैनी. गाडी कुणाच्या बी हातात पळती. पाय पोचंल त्याच्याच हातात थांबती.” मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. वाटलं, दुसरं गॅरेज बघावं. पण गाडी ढकलत आणखी पुढं जायचं त्राण नव्हतं, म्हणून थांबले. थांबले ते आयुष्यातलं एक चांगलं काम झालं.

तर पहिलं काम ब्रेकचं. पॅडलवर तुम्ही रुंद लोखंडी तुकडा बसवलात, माझ्या पायाला सापडेल असा थोडा मागे घेऊन, आणि त्याच्यावर कानशीने आडव्या रेघा मारल्यात, शेणाने माखलेली चप्पल सरकू नये म्हणून. मग गॅरेजसमोरच्या उतारावर इंजिन बंद ठेवून मला दोन दिवस नुसतं थांबायला शिकवलंत. वरून सोडायचं, खाली थांबायचं, परत ढकलत वर. रस्त्यानं जाणारे हसायचे. तुम्ही त्यांना ओरडायचात, “हसू नका, तुमच्यातल्या किती जणास्नी थांबाय येतंय?”

पुढची सगळी कामं सकाळचा रतीब आटोपल्यावर सुरू आणि संध्याकाळच्या धारेच्या आत बंद. दुधाची गाडी गॅरेजात मुक्कामाला ठेवायची नाही हा तुमचा नियम होता. “म्हशीला सांगणार हाय काय, आज सुट्टी घे म्हणून?” त्यामुळे एका दिवशी एकच काम, आणि असं काम की चार वाजता गाडी उभी न राहता निघाली पाहिजे. मी रिकामी बसायची नाही म्हणून तुम्ही माझ्या हातात पाना दिलात. ज्याची गाडी त्याचे हात काळे झाले पाहिजेत, हा दुसरा नियम. वस्ताद, त्या दिवसांत मी इतकी काळी घरी जायचे की मालक पलंगावरून विचारायचे, “रतीब दुधाचा घालतीस का कोळशाचा?”

दुसरं काम मागच्या शॉकअपचं, खड्ड्यात दणका खाणाऱ्या त्या दोन स्प्रिंगांचं. तुम्ही छोट्या गाडीचे आखूड शॉकअप आणून बसवलेत आणि माझे पाय टेकले. आपण दोघंही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेतल्या एका दारात मी गाडी बाजूच्या स्टँडला लावली आणि डावा कॅन उतरवला. गाडी खाली आली होती पण स्टँड होता तेवढाच लांब होता, त्यामुळे ती जवळजवळ ताठ उभी होती. डावीकडचं ओझं गेलं, उजव्या कॅनने तिला ओढलं आणि वीस लिटर दूध बोळातून वाहत गेलं. त्या बोळातल्या मांजरांनी तो दिवस पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवला असेल. मी रडत तुमच्याकडे आले. माझी चूक काढाल असं वाटलं होतं. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, “चूक माझी हाय. मी रिकामी गाडी उभी करून बघितली. तुमची गाडी रिकामी कधी असती?” तुमच्या तोंडून हे ऐकल्यावर मला आणखीच रडू आलं, कारण मोठ्या माणसाला आपली चूक एवढ्या सहज कबूल करताना मी तोवर बघितलंच नव्हतं.

स्टँड तुम्ही दीड इंच कापलात. आणि त्या दिवसापासून नेम झाला, कुठलंही काम झालं की दोन्ही कॅन पाण्याने काठोकाठ भरायचे, पुलावरून पेठेपर्यंत जायचं, तीन ठिकाणी उभं राहायचं आणि परत यायचं. नेम चांगला होता, पण दूध घालणाऱ्या बाईनं भर दुपारी पाण्याचे कॅन घेऊन शहरातून फिरायचं म्हणजे काय, याचा विचार तुम्ही केला नव्हता. दोन कॅन पाणी, तेही उघड्यावर! गिऱ्हाइकं दारातून ओरडायची, “वैनी, आजपासनं लपवायचं बी सोडलं काय?” मी तुम्हाला तक्रार केली तर तुम्ही हसून हसून तिथल्याच टायरवर बसलात.

सीटचं काम तर तुमच्या घरच्या स्वयंपाकघरात झालं. गॅरेजच्या मागेच घर, आणि फोम कापायला तुम्हाला भाभींची पाव कापायची दातेरी सुरी हवी होती. भाभी चुलीवर रस्सा ढवळत होत्या. तुम्ही सुरीला पाणी लावून त्यांच्याच ओट्यावर फोमची दोन बोटं जाडीची चकती कापून काढलीत. त्या मागे वळल्या आणि ओट्यावरचा तो पिवळा भुसा बघून त्यांनी तुमचा जो उद्धार केला, तो मी इथे लिहीत नाही. तुम्ही मान खाली घालून ऐकत होता आणि मला डोळ्यांनी खुणावत होता की सीट घेऊन पळा. मी पळाले नाही. भाभींनी मला हात धुवायला पाणी दिलं आणि जेवायला बसवलं. तुम्हाला मात्र आधी ओटा पुसायला लावला.

सगळं झाल्यावर, हँडल मागे वळवून आणि हूक बसवून झाल्यावर, तुम्ही खताच्या पोत्यात बांधलेलं काहीतरी माझ्या पुढ्यात ठेवलंत. गाडीचे काढलेले मूळ भाग होते. लांब शॉकअप तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले, सरळ हँडल, फोमची चकती, ब्रेकच्या पॅडलचं मूळ रबर, एवढंच काय, कापलेल्या स्टँडचा दीड इंचाचा तुकडासुद्धा कागदाच्या पुडीत. मी म्हटलं, भंगारात घाला की. तुम्ही म्हणालात, “ठिवा वैनी. आज तुमी हाय. उद्या घरात उंच माणूस आलं म्हंजे?” मला हसू आलं. आमच्या घरात उंच माणूस! पोतं गोठ्याच्या माळ्यावर टाकलं आणि विसरले. मालकांचा पाय तीन महिन्यांनी बरा झाला, पण रतीब काही मी परत दिला नाही. तेही फारसे मागायला आले नाहीत.

तर गेल्या रविवारी ते पोतं खाली काढलं. फोमची चकती मी तेव्हाच बसायला काढून घेतली होती, धार काढताना तिच्यावर बसून बसून तिचा पापड झाला आहे. बाकी सगळं जसंच्या तसं. मी टाकी पुसली, खडू घेतला, आणि आम्ही तिघं गाडीभोवती उभे राहिलो. सुनेची यादी तिच्या मोबाईलमध्ये तयार होती. पहिला मोबाईल अडकवायचा होल्डर, मग चार्जिंगची वायर, मग नवीन दिवा, मग हँडल, आणि जमलं तर बाकीचं. गिऱ्हाइकांचे निरोप आता मोबाईलवर येतात, ते चालता चालता दिसायला हवेत म्हणे. वस्ताद, माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला. “होल्डर बैलाला लाव!” ती दचकून बघायला लागली, आणि मलाच इतकं हसू आलं की खडू हातातून पडला.

मालकांचं मत वेगळं होतं. “शेवटी घातलंय ते आधी काढायचं. पटका काढल्याबिगर सदरा निघतो व्हय?” म्हणजे आधी हँडल, मग सीट, मग शॉकअप. ऐकायला बरोबर वाटलं. पण हँडल किती उंच हवं हे ती किती उंच बसणार त्यावर ठरतं, आणि ती किती उंच बसणार हे सीटवर आणि शॉकअपवर. हँडल आधी बसवलं तर परत सोडावं लागणार, आणि हँडल हललं की वायरसुद्धा नव्याने ओढावी लागणार. म्हणजे उंच करायची असो की बुटकी, गाडी खालून वरच करत जायची. तुमचाच क्रम. मी टाकीवर लिहिलं: शॉकअप, स्टँड, सीट, हँडल, होल्डर. चाकातले ब्रेकचे लायनर त्याआधीच नवे घालून उतारावर तपासून घेतले, तेवढी तुमची शिकवण शाबूत आहे. फक्त पॅडलवरचा तो लोखंडी तुकडा काढायचं काम मी सगळ्यात शेवटी, होल्डरच्याही खाली लिहिलं. सून हुशार आहे. “आत्या, सगळं वस्तादांच्या क्रमानं, मग ब्रेकचा तुकडा तेवढा शेवटी का वो?” मी म्हटलं, बघू, वेळ उरला तर.

एवढं सगळं डोकं चालवून मी माती खाल्लीच. शॉकअप सोमवारी लिहिला होता आणि स्टँड मंगळवारी. सोमवारी दुपारी आम्ही दोघींनी मिळून लांब शॉकअप चढवले, रबरं तेवढी नवी घातली. गाडी रुबाबात वर आली. नेमाप्रमाणे कॅन पाण्याने भरले, गाडी अंगणात स्टँडला लावली आणि मी उजवा कॅन आधी उतरवला. बोळातल्या त्या दिवसापासून मी जन्मभर उजवाच आधी उतरवत आले आहे. पण आता गाडी उंच होती आणि स्टँड तुम्ही कापलेला, आखूड. ती डावीकडे कलली होतीच, उजवीकडचं ओझं गेल्यावर सावकाश, अगदी मला बघू देत, शेणींच्या ढिगावर आडवी झाली. वीस लिटर पाणी आणि वाळलेल्या शेणी, म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच समजा. मालक ओट्यावरून म्हणाले, “दूध न्हवतं न्हवं? मग हसा की!” आम्ही हसलो. पण मनात आलं, तुमचा नेम नसता तर आज सुनेच्या पहिल्याच कामात दूध सांडलं असतं, आणि ती परत गाडीवर बसली नसती. शॉकअप आणि स्टँड एकाच दिवशी करायला हवे होते, हे मला कळायला परत एकदा गाडी पडावी लागली. तुमची चूक मी अठ्ठावीस वर्षांनी उलट्या बाजूने करून दाखवली.

मग त्याच दुपारी पुडीतला तो दीड इंचाचा तुकडा घेऊन गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे गेले. जिथं कापला होता तिथंच जोडून आणला, आणि चार वाजता गाडी धारेला हजर होती. सीटला नवीन फोम बुधवारी घातला, सुरी आमच्याच घरातली वापरली आणि ओटा आधीच झाकला. हँडल गुरुवारी. प्रत्येक कामानंतर सून पाण्याचे कॅन घेऊन पुलावरून पेठेत जाऊन आली. तिला लोकांचं ऐकून घ्यावं लागेल म्हणून मी काळजीत होते. ती परत आली ती खिदळत. कुणीतरी दारातून विचारलं होतं, “आज नुसतंच पाणी काय?” ही म्हणाली होती, “व्हय काकू, दूध घालायचं राहिलंय, उद्या घालतो!” मला हे उत्तर अठ्ठावीस वर्षांत सुचलं नाही.

शुक्रवारी तिनं स्वतः पाना घेऊन तिचा होल्डर बसवला. मी फक्त बघत होते. मग ती गाडीवर बसली. पाठ सरळ, गुडघे मोकळे, हात जिथं पडायला हवेत तिथं. गाडी तिची दिसत होती. मी नंतर गंमत म्हणून चढून बघितलं तर माझ्या पायांची नुसती बोटं टेकली, पहिल्या दिवशी तुमच्या गॅरेजात टेकली होती तशी. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. आज सकाळी ती चाळीस घरं करून आली. गाडी लावली, उजवा-डावा कॅन कसाही उतरवला, गाडी हलली नाही. म्हणाली, “आत्या, आता झकास. मी चालवतो रतीब, तुमी काळजीच सोडा.” मग घरात जाता जाता म्हणाली, “आणि तो ब्रेकवरचा तुकडा असू दे काय? पाय सरकत न्हाय त्याच्यावर.”

आखूड शॉकअप, मागे वळवलेलं हँडल, जुन्या फोमचा पापड, सगळं मी त्याच पोत्यात भरलं आहे. हे पत्रही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यातच टाकते, नाहीतरी पाठवायचं कुठं? पुढं कधी घरात बुटकं माणूस आलं तर त्याच्या हाती लागेल. पण ब्रेकच्या पॅडलचं मूळ रबरसुद्धा त्यातच आहे, ते बाहेर काढलंच नाही, आणि टाकीवरची शेवटची ओळ मी काम न करताच अंगठ्याने पुसली. सुनेला सांगितलं, असू दे बाई, तसाही तो वेल्डिंगचा आहे, निघायचा नाही. वस्ताद, तुम्हाला ठाऊक आहे, तो दोन बोल्टांवर आहे. मी आज सकाळीच ते आवळून घेतले.